एक गुण, एक धाव

१५ जानेवारी २०२४ चा सोमवार. उजाडायच्या आधीपासून मी न्यू यॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियममध्ये फावड्याने बर्फ उपसत होते. अमेरिकन फुटबॉलमधल्या बफेलो बिल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांचा प्लेऑफचा सामना खरं तर रविवारी होता, पण वादळच असं आलं की तो एक दिवस पुढे ढकलावा लागला. क्लबने गावाला हाक दिली: ज्यांना जमेल त्यांनी बर्फ काढायला या, तासाला २० डॉलर देऊ. आम्ही नवरा-बायको दोघंही गेलो. खुर्च्यांच्या रांगा दिसतच नव्हत्या, नुसता पांढरा उतार होता. फावड्याची धार रुतवायची, ढेकूळ सुटलं की खाली लोटायचं, आणि मग कुठे एका खुर्चीची कड दिसायची. तासाभरात बोटं बधिर झाली. तेवढ्यात शेजारच्या आजोबांचा फोन आला. वर्षानुवर्षं त्यांची इथली जागा ठरलेली आहे. "आमच्या रांगेपर्यंत पोचलात का?" मी म्हटलं, नाही हो, आम्ही अजून खालीच आहोत. "असू दे. माझी खुर्ची मी काढीन."

आणि खरंच काढली. दुपारी साडेचारला सामना सुरू झाला तेव्हाही कितीतरी रांगा बर्फात बुडालेल्या होत्या. तिकीट काढून आलेली माणसं हातांनी आपापली जागा उकरून बसली. प्रत्येक टचडाऊनला, म्हणजे आपल्या खेळाडूने चेंडू मैदानाच्या टोकाला नेला की, लोक ओंजळी भरभरून बर्फ उधळत होते, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतात तसा. आजोबा सत्तरीच्या पुढचे. गुडघ्यापर्यंत बर्फात उभे होते आणि ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. बिल्स ३१-१७ असे जिंकले.

पुढच्या रविवारी त्याच मैदानावर कॅन्सस सिटी चीफ्स आले. सामना संपायला पावणेदोन मिनिटंही राहिली नव्हती. बिल्स २४-२७ असे तीन गुणांनी मागे. चेंडू दोन खांबांमधून मारायचा, की तीन गुण, की बरोबरी. अंतर ४४ यार्ड. बिल्सचा किकर टायलर बॅस धावत आला, चेंडू हवेत गेला आणि उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला.

'वाइड राइट.' बफेलोत हे दोन शब्द सहसा कुणी मोठ्याने उच्चारत नाही. त्याचं कारण १९९१ मध्ये आहे. तिथे येतेच, पण आधी घरचं सांगते.

त्याच्या दोनच महिने आधी, १९ नोव्हेंबर २०२३ ला, आम्ही इथली दहा-बारा मराठी कुटुंबं पहाटे साडेतीनला एका घरी जमलो होतो. अहमदाबादला विश्वचषकाची फायनल. भारत सलग दहा सामने जिंकून आलेला. अकरावा हरला. ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्या आणि ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली. बाहेर उजाडलं तेव्हा आमच्या पोह्यांना कुणी हात लावला नव्हता. आणि मग फोनवर आमच्या घरच्या ग्रुपवर जे सुरू झालं, ते चार दिवस संपलं नाही. खेळपट्टी मुद्दाम संथ केली. टॉस हरलो तिथेच संपलं. मधल्या ओव्हर्समध्ये चौकार का नाहीत. हे मोठ्या सामन्यात कच खाणारेच. कोटी-कोटी घेतात आणि ऐन वेळी पाय कापतात. बाहेरच्या जगात तर त्याहून वाईट चाललं होतं, ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या घरच्यांनाही लोकांनी शिव्या घातल्या. २००७ च्या विश्वचषकात हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चाललेल्या घराची मोडतोड झाली होती, ते मला आठवलं.

जानेवारीत बॅसचा चेंडू बाहेर गेल्यावर बफेलोने त्याला कसं जवळ घेतलं, ते मी त्याच ग्रुपवर लिहिलं. चुलत भावाशी माझा वाद जुंपला तो तिथून. तो पुण्यात असतो, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि खेळाबद्दल त्याच्याइतकं पोटतिडकीने बोलणारा माणूस आमच्या घरात दुसरा नाही. त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत देते, कारण ते नुसतं झटकून टाकण्यासारखं नाही: "ताई, हरणाऱ्याला मिठ्या मारायच्या म्हणजे हरायची सवय लावायची. तुमची टीम एकदा तरी जिंकली आहे का?"

नाही जिंकली. सुपर बोल, म्हणजे या खेळाची फायनल, पहिल्यांदा झाला १५ जानेवारी १९६७ ला, आणि बफेलोच्या हाती ती चांदीची ट्रॉफी आजवर एकदाही आलेली नाही.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये ३२ संघ, दोन गटांत १६-१६. प्रत्येकाचे १७ साखळी सामने. त्यातून दोन्ही गटांतले सात-सात, असे १४ संघ प्लेऑफमध्ये जातात आणि तिथून पुढे एक हार म्हणजे घरी. दोन्ही गटांत जो पहिला येतो त्याला पहिल्या फेरीत विश्रांती, बाकीच्यांना लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात, शेवटचा सुपर बोल. आपल्या आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना हरल्यावर आणखी एक संधी असते. इथे कुणालाच नाही. त्या विश्रांतीशिवाय वरच्या क्रमांकाचा फायदा एवढाच, की सामना आपल्या गावात, आपल्या थंडीत होतो. सुपर बोल मात्र काही वर्षं आधी ठरवलेल्या गावी होतो, तिथे सहसा कुणाचंच घर नसतं.

आता १९९१. २७ जानेवारी, टॅम्पा. पंचविसावा सुपर बोल, बफेलो विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स. आठ सेकंद बाकी, बफेलो १९-२० असा एका गुणाने मागे. स्कॉट नॉरवूडला ४७ यार्डांवरून चेंडू मारायचा होता. उजवीकडून बाहेर गेला. त्यानंतरचे तिन्ही सुपर बोल बफेलोने खेळले आणि तिन्ही हरले: वॉशिंग्टनकडून २४-३७, डॅलसकडून १७-५२, पुन्हा डॅलसकडून १३-३०. लागोपाठ चार वर्षं फायनलला जाणारा दुसरा संघ या लीगमध्ये झालेला नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते पहिल्या हरण्याच्या दुसऱ्या दिवसाचं. २८ जानेवारीला संघ परत आला तेव्हा बफेलोच्या सिटी हॉलसमोर, नायगारा स्क्वेअरमध्ये, जवळपास ३० हजार माणसं जमली होती. जानेवारीतल्या बफेलोच्या थंडीत. खेळाडू एकेक करून बोलत होते आणि गर्दी एकच ओरडत होती, आम्हाला स्कॉट पाहिजे. नॉरवूड मागे उभा होता. त्याला पुढे आणलं. त्याने सांगितलं की आम्ही अजून यातून सावरतो आहोत, मी तर सावरतोच आहे, आणि आज मला जेवढं प्रेम मिळालं तेवढं कधी मिळालं नव्हतं. शेजारचे आजोबा त्या गर्दीत होते. लॅकावॅनाच्या बेथलहेम स्टीलमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली, १९८३ मध्ये तिथलं पोलाद बंद झालं, मग मिळेल ते काम. "रडत होता का कुणी?" असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सगळेच. पण त्याला ते दिसू नये म्हणून आम्ही जोरात ओरडत होतो."

बफेलोची लोकसंख्या १९५० मध्ये पाच लाख ऐंशी हजार होती. आता पावणेतीन लाख. कारखाने गेले, माणसं गेली. गिरणगाव ज्यांनी डोळ्यांदेखत ओस पडताना पाहिलं, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. अशा गावात जे शिल्लक आहे, त्यावर कुणी दगड टाकत नाही.

बॅसच्या वेळी पुन्हा तसंच घडलं, पण आजच्या काळातलं. हे मात्र स्पष्ट लिहिते, की बॅसलाही त्या रात्री फोनवर इतक्या शिव्या आल्या की त्याने आपली खाती बंद केली. म्हणजे शिवराळ माणसं फक्त आपल्याकडेच आहेत आणि इथे सगळे संत, असं कुणी परदेशातून लिहून पाठवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. फरक पडला तो पुढच्या दोन दिवसांत. बॅसने पूर्वी इथल्या टेन लाइव्ह्ज क्लब नावाच्या, बेवारस मांजरांना सांभाळणाऱ्या संस्थेसाठी काम केलं होतं. कुणीतरी म्हटलं, त्याच्या नावाने तिथे बावीस-बावीस डॉलर द्या. त्याच्या जर्सीचा आकडा २. बघता बघता एक लाख डॉलरच्या वर रक्कम गेली. आजोबांनी चेक लिहिला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसले होते. टेबलाखाली पावभर वितळलेला बर्फ बुटांतून गळला होता. त्यांनी आकडा लिहिला, सही केली, आणि पाकिटावर पत्ता माझ्याकडून लिहून घेतला कारण त्यांचा हात थरथरत होता.

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मांजरांना पैसे मिळाले, चांगलं झालं, पण ट्रॉफी कुठे आहे? आणि मग त्याने दुसरा मुद्दा काढला: मुळात एका सामन्यावर वर्षाचा निकाल लावायचा हाच अन्याय. दहा जिंकून अकरावा हरला तर तो संघ वाईट कसा? तीन फायनल्स ठेवा.

इथे मी त्याच्या विरुद्ध आहे. एक सामना, एक निकाल, हे मला मान्य आहे. खेळणाऱ्या दोघांना ते आधीच ठाऊक असतं. त्या एका दिवसाचं वजन आहे म्हणून तर पहाटे साडेतीनला आम्ही उठतो आणि बर्फ उपसायला जातो. पण त्या एका दिवसात दोघांना सारखी संधी हवी, आणि ती मिळाली नसेल तर नियम बदलायची तयारी हवी. याची दोन उदाहरणं माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत.

२३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. १३ सेकंद राहिले होते आणि बफेलो ३६-३३ असा पुढे होता. मी आजोबांच्या तळघरात सोफ्याच्या कडेला बसले होते. त्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सने दोन चालींत ४४ यार्ड काढले, किकरने बरोबरी केली. ओव्हरटाइमला नाणं उडवलं. बफेलोच्या जॉश ॲलनने काटा मागितला, छापा पडला. पहिला चेंडू कॅन्सस सिटीला, त्यांनी टचडाऊन केला आणि तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच संपला, ४२-३६. त्या रात्री अप्रतिम खेळलेल्या ॲलनच्या हातात ओव्हरटाइममध्ये चेंडू एकदाही आला नाही. आजोबांनी टीव्ही बंद केला नाही, फक्त आवाज बंद केला. दोन महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, लीगच्या मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी नियम बदलला: प्लेऑफमध्ये दोन्ही संघांना निदान एकेकदा चेंडू मिळणार.

दुसरं उदाहरण आपल्या ओळखीचं. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स. इंग्लंड-न्यूझीलंड फायनल बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि विजेता ठरला तो २६ चौकार-षटकार विरुद्ध १७ या हिशेबावर. आपला संघ उपांत्य फेरीतच गेला होता, तरी आमच्या ग्रुपवर त्या रात्री न्यूझीलंडसाठी माणसं हळहळत होती. ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला. भावाला मी म्हटलं, बघ, आपण न्यूझीलंडसाठी बरोबर भांडलो. तेव्हा आपण खेळपट्टीला आणि खेळाडूच्या बायकोला बोल लावला नाही, नियमाला लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याला असा कुठला नियम आडवा आला होता? एकही नाही. त्या दिवशी ते चांगले खेळले, बस. त्या दिवशी भांडायला मुद्दाच नव्हता, म्हणून माणसांना झोडपलं.

तो गप्प बसला. मग मी त्याला २०१७ ची आठवण करून दिली, आणि इथून आमचा वाद खरा कुठल्या गोष्टीचा आहे ते दोघांनाही कळलं.

२१ मे २०१७, हैदराबाद. आयपीएलची फायनल, मुंबई विरुद्ध रायझिंग पुणे. मुंबई १२९. पुण्याला शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, निघाल्या दोन. एका धावेने हरलो. बफेलो १९-२०, पुणे १२८-१२९. हे दोन स्कोअर मी एका कागदावर लिहिले आणि कितीतरी वेळ बघत बसले.

नॉरवूडच्या बफेलोला पुढचं वर्ष होतं. हरलेला संघ सिटी हॉलवर आला, गावाने त्याला जवळ घेतलं, आणि सप्टेंबरमध्ये तेच खेळाडू त्याच मैदानावर उतरले. पुण्याच्या संघाला पुढचं वर्षच नव्हतं. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, तेवढ्या मुदतीसाठी आणलेला तो संघ, मुदत संपली आणि विसर्जित झाला. त्याआधीचा पुणे वॉरियर्स २०११ ला आला आणि २०१३ ला गेला. रायझिंग पुणेच्या २०१६ च्या मोसमात तर दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा न्यायालयाचं बरोबरच होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण भावाने नुकतीच जांभळी जर्सी विकत घेतली होती, आणि त्याचा पुण्याचा संघ घरचे सामने विशाखापट्टणमला खेळत होता.

मग हरलेल्याला मिठी मारायची ती कुणाला? २२ मे २०१७ ला पुण्यात कुणी रस्त्यावर यायचं ठरवलं असतं, तरी भेटायला कोण आलं असतं? आपले लोक निष्ठुर आहेत म्हणून हरणाऱ्याला झोडपतात, हे मला पटत नाही. बंगळुरूच्या लोकांनी आरसीबीची १८ मोसम वाट पाहिली. दर वर्षी हरूनसुद्धा ते मैदान भरत राहिले. कारण संघ तोच होता, गाव तेच होतं, विराट तोच होता. २०२५ ला कप आला आणि ४ जूनला चिन्नास्वामीबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले. त्या माणसांनी संघावर एवढं प्रेम केलं आणि त्यांना साधी गर्दीची व्यवस्था मिळाली नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही. इथेही १४ फेब्रुवारी २०२४ ला कॅन्सस सिटीच्या विजयी मिरवणुकीत गोळीबार झाला, एक बाई गेली, वीसहून अधिक जखमी झाले. मिरवणुकीतून मूल सुखरूप घरी येईल का, ही भीती मला दोन्ही देशांत वाटते.

बफेलोचा संघ मात्र नुसत्या प्रेमावर टिकलेला नाही, आणि भावाला मला नेमकं हेच दाखवायचं होतं. पावणेतीन लाखांच्या गावाला न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या बरोबरीने ठेवायचं, तर नियम लागतात. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा १९६० च्या दशकापासून सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा १९९४ पासून आहे. आणि दर वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड उलट्या क्रमाने होते: सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला, सुपर बोल जिंकलेला सगळ्यात शेवटी. ग्रीन बे हे तर जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, तिथल्या पॅकर्स संघाचे मालक त्याचे लाखो भागधारक आहेत, म्हणून तो संघ कुणी उचलून नेऊ शकत नाही.

आयपीएलमध्येही खर्चाला मर्यादा आहे, मध्यवर्ती पैसा वाटलाही जातो, हे भावाने लगेच सांगितलं आणि ते खरं आहे. पण दर काही वर्षांनी महालिलाव होतो आणि चार-सहा जण सोडून सगळा संघ विस्कटतो. कालचा आपला आज समोरच्या जर्सीत. लिलावाने रंगत येते, नवी मुलं पुढे येतात, हे भावाचं म्हणणं मला मान्य. तरीही माझं मत असं, की ज्या खेळाडूने तुमच्यासाठी एकदा हरून दाखवलं, तो पुढच्या वर्षी तुमच्यासाठी जिंकायचा प्रयत्न करताना दिसला पाहिजे. बॅस दिसला. ३ नोव्हेंबर २०२४, मायामीविरुद्ध, २७-२७ बरोबरी, पाच सेकंद बाकी. ६१ यार्ड. या संघाच्या इतिहासात एवढ्या लांबून कुणी मारला नव्हता. दोन खांबांच्या मधून गेला. मी भावाला व्हिडिओ पाठवला. त्यावर त्याने नुसता एक अंगठा पाठवला, पण मला माहीत आहे, त्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला असणार.

आता जे मला इथे खुपतं तेही लिहायला हवं, नाहीतर हे परदेशाचं गुणगान होईल. जुन्या मैदानाच्या समोर, रस्त्यापलीकडे, नवं स्टेडियम उभं राहिलं आहे. २०२२ मध्ये करार झाला तेव्हा न्यू यॉर्क राज्याने ६० कोटी डॉलर आणि आमच्या एरी काउंटीने २५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मालक अब्जाधीश. त्यांना हा पैसा का? कारण मनात सगळ्यांच्या एकच भीती, संघ गाव सोडून जाईल. ती पोकळ नाही. आमच्यापासून तीन तासांवरच्या क्लीव्हलंडचा संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला. सॅन डिएगोचा २०१७ ला लॉस एंजेलिसला, ओकलंडचा २०२० ला लास वेगासला. बफेलोच्या लेकरांमधली गरिबी मी रोज बघते. लोकांच्या तिजोरीतून एवढी रक्कम जाते आणि बदल्यात गावाला संघात एक शेअरही मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. आजोबा याच मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. ते म्हणतात, स्टील गेलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, या वेळी निदान विचारलं, आणि आम्ही हो म्हटलं. मला ते पटत नाही. पण लॅकावॅनात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार.

म्हणून भावाला मी असं म्हणत नाही, की अमेरिकेसारखं करा. माझं आजोळ कोल्हापूरचं. तिथे शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉल मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून पाहिला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ज्या पेठेत जन्मलात ती तुमची टीम, त्यात निवड नाही आणि बदलीही नाही. मामाची तालीम हरली की घरात रात्री भाकरी कमी खपायची, दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा सरावाला. त्या फुटबॉलमध्ये हुल्लडबाजीही होते आणि त्यावरून सामने बंद ठेवावेत का, हा वाद तिथे कायमचा आहे. पण संघ कुणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात कधीच कुणाला पडलेला नाही. नॉरवूडला बोलावणारी ती ३० हजार माणसं मला म्हणूनच परकी वाटली नाहीत.

२०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, पहिल्याच वर्षी रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. मला फार आनंद झाला. पण सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंज्याला. रत्नागिरीच्या मुलाने आपला संघ आपल्या गावात पाहिलाच नाही. मैदानं नाहीत, दिवे नाहीत, प्रक्षेपणाचा खर्च परवडत नाही, ही कारणं मला समजतात. तरी निदान दोन सामने नेऊन बघा. पाचशे माणसं आली तरी त्यातली पन्नास आयुष्यभराची होतील.

घरच्या ग्रुपवर अधूनमधून चर्चा निघते, की पुण्याला पुन्हा आयपीएलचा संघ मिळायला हवा. मालक कोण, कप्तान कोण, यावर रात्र रात्र जाते. मी दर वेळी एकच विचारते: किती वर्षांसाठी? त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

२६ जानेवारी २०२५ ला बफेलो पुन्हा कॅन्सस सिटीकडून हरला, २९-३२, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे. फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, आता तरी सोड." मी त्याला विचारलं, तुझी ती जांभळी जर्सी रंगपंचमीला काढतोस का रे? बऱ्याच जणांनी तशीच संपवली असं ऐकलं होतं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाही गं. कपाटात आहे. धुऊन ठेवली आहे."